नोटीस मी पाहिली होती

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात माझा जुना सहकारी मंदार याचा लेख प्रसिद्ध झाला. लहान सल्लागारांनी कराच्या बाबतीत कोणत्या चुका टाळाव्यात, असा विषय होता. लेख फार चांगला उतरला आहे, असे मला बऱ्याच जणांनी फोन करून कळवले. मी विचारले नसताना. त्या लेखात एक प्रसंग आहे. एका सल्लागार बाईंची जीएसटी नोंदणी रद्द होण्याची वेळ आली, कारण नोटिशीचा संदेश त्यांच्या पूर्वीच्या कर सल्लागारांच्या मोबाइलवर गेला आणि, मंदारच्या शब्दांत, ‘वयोमानानुसार तो त्यांच्या पाहण्यात आला नाही’.

ते पूर्वीचे सल्लागार म्हणजे मी, दातार. वय त्र्याहत्तर. वाचायला चष्मा लागतो, बाकी सर्व शाबूत आहे. माझ्या मोबाइलवर आलेला खात्याचा एकही संदेश आजवर माझ्या नजरेतून सुटलेला नाही, आणि तो संदेशही मी आल्या मिनिटाला वाचला होता. संपादकांनी मला जागा दिली आहे, म्हणून मंदारचे हे विधान मी येथे लेखी खोडून काढतो. त्याची उरलेली विधाने ओघाने घेईन.

आधी व्यवसायाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मंदारच्या लेखात व्यवसाय कमी आणि मंदार जास्त आहे.

मी कर सल्लागार आहे, सनदी लेखापाल नाही. ती पदवी मंदारकडे आहे, आणि त्याच्या दारावरच्या पाटीवर ती त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. विक्रीकराच्या काळापासून कोथरूडमधल्या तळमजल्यावरच्या एका खोलीत बसून मी लोकांची विवरणपत्रे भरली. सुरुवातीची वर्षे दुकानदारांची होती. दुकानदाराला कराची भीती असते, त्यामुळे तो विचारून पाऊल टाकतो. पुढे माझ्याकडे सल्ला विकणारी माणसे येऊ लागली: कंपनीतून निवृत्त होऊन त्याच कंपनीला सल्ला देणारे अभियंते, व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणाऱ्या बाई, संगणकप्रणालीचे तज्ज्ञ. ही सगळी हुशार माणसे. हुशार माणसाचे विवरणपत्र भरणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत अवघड काम आहे.

बॉयलरचे सल्लागार असलेले एक अभियंते पहिल्या भेटीत मला म्हणाले, “अहो दातार, कंपनीने माझ्या बिलातून दहा टक्के कर कापूनच घेतलाय. म्हणजे माझा आणि सरकारचा संबंध संपला.”

“संपला नाही, सुरू झाला,” मी म्हणालो. “तो नुसता हप्ता आहे. खरा कर वर्षाच्या शेवटी काढायचा. शिवाय जीएसटी वेगळा. तुम्ही बिल लिहिलंत की कर जन्माला आला. पैसे हातात यायची वाट तो बघत नाही.”

“मग ते तुम्ही बघा. मी बॉयलर बघतो.”

“बॉयलरही असेच बघता का?”

ते उठून गेले आणि दहा मिनिटांनी परत येऊन बसले. पुढे चार वर्षे माझ्याकडे होते. ‘बिल लिहिले की कर जन्माला आला’ हे वाक्य मंदार हल्ली आपल्या प्रत्येक व्याख्यानाच्या आरंभी टाळ्या घेण्यासाठी वापरतो. त्याच्या लेखाचे पहिले वाक्यही तेच आहे. ते त्या दिवशी माझ्या खोलीत जन्माला आले. मंदार तेव्हा कोपऱ्यात चलने लावीत बसला होता.

दुसरी चूक परदेशी गिऱ्हाईक असलेल्यांची. डॉलरमध्ये बिल केले की जीएसटीचा प्रश्नच मिटला, असे ते धरून चालतात. कर आकारावा लागत नाही हे खरे. पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाला नव्याने हमीपत्र द्यावे लागते, आणि एप्रिलमध्ये ते नेमके राहून जाते. मात्र सल्लागारांची अगदी स्वतःची म्हणावी अशी चूक पत्त्याची आहे. दुकानदाराने जागा बदलली तर त्याला माल हलवावा लागतो, पाटी उतरवावी लागते. नोंदणीतला पत्ता बदलायची आठवण त्याला आपोआप होते. सल्लागाराचे दुकान त्याच्या डोक्यात असते. लॅपटॉप उघडला की कचेरी सुरू. कायदा म्हणतो, जागा बदलल्यापासून पंधरा दिवसांत कळवा. सल्लागार म्हणतो, मी तर तोच आहे, बदलले काय?

आणि एक चूक आम्हा कर सल्लागारांची. ती मंदारच्या लेखात नाही. नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल गिऱ्हाइकाचे घालावे, असा नियम आहे. आम्ही आमचे घालतो. कारण गिऱ्हाईक प्रवासात असते, बैठकीत असते, आणि विवरणपत्र भरताना मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, त्याच्याकडून वेळेवर मिळत नाही. सोय म्हणून सुरू झालेली ही रीत आहे. पुण्यात ती सर्रास आहे, मीही पाळली. परिणाम असा, की गिऱ्हाईक तुम्हाला सोडून गेले तरी त्याचे संदेश तुमच्याकडेच येत राहतात.

आता लेखातल्या त्या बाई, म्हणजे अश्विनी. नाव बदलले आहे. ती अन्नसुरक्षेची सल्लागार. बिस्किटे, मसाले, लोणची करणाऱ्या कारखान्यांत जाऊन स्वच्छता तपासायची, परवान्यासाठी कागद तयार करून द्यायचे, कामगारांना शिकवायचे. कोथरूडच्या आपल्या फ्लॅटमधून एकटीने तिने सुरुवात केली आणि पहिल्या दिवसापासून ती माझ्याकडे होती. मला काका म्हणायची. तिच्या लग्नाला आम्ही नवरा-बायको गेलो होतो. काम वाढले तशी तिने खराडीला जागा घेतली, मुली नेमल्या, आणि एक दिवस पेढ्यांचा पुडा घेऊन आली.

“काका, मंदारचं ऑफिस आमच्यापासून दोन बिल्डिंग सोडून आहे. तिथून सगळं सोपं पडेल. तुम्ही रागावणार नाही ना?”

“राग कसला? सोय महत्त्वाची,” मी म्हणालो.

पेढे चांगले होते. मी खाल्ले नाहीत.

मंदार माझ्याकडे नऊ वर्षे होता. परीक्षा देत देत काम शिकला. पास झाल्यावर त्याने खराडीला काचेची कचेरी घेतली. तिथे कॉफीचे यंत्र आहे आणि गिऱ्हाइकाला बसायला असे सोफे आहेत की उठताना आधार घ्यावा लागतो. त्यानंतर माझी माणसे एकेक करून तिकडे गेली. प्रत्येकाने जाताना सोय हाच शब्द वापरला. त्याची व्याख्याने होऊ लागली, चित्रफिती येऊ लागल्या. त्या सगळ्या मी पाहिल्या आहेत. चुका काढण्यासाठी पाहतो, असे मी स्वतःला सांगत असे. चुका फारशा सापडत नसत, हाच खरा त्रास होता. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारायच्या, “अहो, झाला का त्याचा कार्यक्रम बघून? मग पानं घेते. पोटात अन्न गेलं की तरी जरा कमी जळाल.”

मी हे नाकारणार नाही. मत्सर होता. मंदारला माझ्यापेक्षा जास्त येत होते म्हणून नव्हे. मी जे शिकवले तेच त्याच्या तोंडून लोकांना जास्त आवडत होते म्हणून.

अश्विनी मंदारकडे गेल्याला वर्ष झाले असेल. एका सोमवारी सकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला. तिच्या नोंदणीवर नोटीस निघाली होती. मंदारने तिचे काम घेताना मोबाइल क्रमांक बदलला नव्हता, ईमेल बदलला नव्हता, पासवर्डही मी ठेवलेलाच होता. काम हाती घेतले की पहिल्या दिवशी या तीन गोष्टी बदलायच्या, हे मी त्याला नऊ वर्षे सांगत आलो होतो. तोच पासवर्ड घालून मी खात्याच्या संकेतस्थळावर तिच्या नोंदणीत शिरलो. तसे करण्याचा मला आता अधिकार नव्हता, तरी शिरलो. खात्याचा माणूस कोथरूडच्या पत्त्यावर पाहणीला गेला होता. तिथे भाडेकरू राहत होते. अशी कुठलीही संस्था इथे नाही, असे त्यांनी सांगितले. पत्ता खोटा असल्याच्या संशयावरून नोंदणी का रद्द करू नये, याचे उत्तर सात कामाच्या दिवसांत मागितले होते. तोवर नोंदणी स्थगित.

स्थगित म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगतो. त्या काळात कर लावून बिल करता येत नाही. आणि तुमचा क्रमांक घालून कोणीही पाहिले तर नावापुढे तसे लिहिलेले दिसते. मोठ्या कंपन्या हे पाहतात. रांजणगावच्या एका बिस्किटांच्या कारखान्याचे वर्षभराचे काम अश्विनीला नुकतेच मिळाले होते आणि त्यासाठी तिने दोन नव्या मुली घेतल्या होत्या. हे मला माहीत होते, कारण मंदारने ते एका चित्रफितीत सांगितले होते.

नोटिशीची प्रत मी छापून घेतली आणि फोन शेजारी ठेवून बसलो. मंदारचा फोन येईल, अशी माझी खात्री होती. नोटीस संकेतस्थळावर त्यालाही दिसणारच होती, त्याने फक्त उघडून पाहायला हवे होते. तो म्हणेल, “सर, एक भानगड झालीय. काय करू?” मी जरा थांबेन, आणि मग सांगेन. त्या एका वाक्यासाठी मी सोमवार काढला, मंगळवार काढला.

बुधवारी कोथरूडमध्ये त्याचे व्याख्यान होते. विषय: लहान सल्लागारांनी टाळायच्या चुका. मी गेलो. नोटीस माझ्या पिशवीत होती. तिथे ती त्याच्यासमोर ठेवावी, असे मी ठरवले होते. सगळ्यांदेखत की एकट्याला गाठून, हे ठरवले नव्हते. पहिल्या रांगेत अश्विनी बसली होती. मंदारने सुरुवात केली, “बिल लिहिलं की कर जन्माला आला,” आणि टाळ्या पडल्या. पुढे तो म्हणाला, “हे सगळं ज्यांनी मला शिकवलं, ते माझे गुरू आज इथे आलेत. सर, जरा उभे राहता का?”

मी उभा राहिलो. सभागृहाने वळून पाहिले. अश्विनीने मागे बघून हात हलवला. शेजारच्या गृहस्थांनी मला विचारले, “आपणही याच क्षेत्रात होतात का?”

‘होतात.’ त्या शब्दासह मी बसलो आणि नोटीस घेऊन तसाच घरी आलो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. रोज सकाळी मी मोबाइल पाहत असे, आणि रोज मला आठवत असे की तिच्या नावापुढे ‘स्थगित’ लिहिलेले दिसत असेल. रोज मी स्वतःला सांगत असे की मुदत अजून आहे.

बुधवारी सकाळी सौभाग्यवतींनी माझ्या टेबलावरचा कागद वाचला.

“ही आपली अश्विनी ना?”

“आपली नाही. मंदारची.”

“आणि हा कागद इथे काय करतोय?”

“आज शेवटचा दिवस आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. छत्तीस वर्षांत अनेक प्रकारे पाहिले आहे; हे पाहणे नवे होते. “अहो, मग शर्ट बदला,” एवढेच म्हणाल्या.

मी बस बदलून खराडीला पोहोचलो. अश्विनीच्या हातात कागद दिला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला, खुर्चीत बसली आणि लगेच मंदारला बोलावले. मग मला विचारले, “काका, हे तुम्हाला कधी कळलं?”

“मोबाइल मी रोज पाहत नाही,” मी म्हणालो.

ते खोटे होते. आयुष्यात गिऱ्हाइकाशी मी एवढे एकच खोटे बोललो.

मंदार धापा टाकत आला. नवे भाडेपत्र, विजेचे बिल, पाटीचे आणि आतल्या जागेचे फोटो, असे कागद आम्ही गोळा केले. येथे त्याचे आणखी एक विधान खोडायचे आहे. ‘रातोरात उत्तर तयार केले’, असे त्याने लिहिले आहे. आम्ही दुपारी तीनला बसलो आणि पाचच्या आत उत्तर गेले. त्याने लिहिलेला मसुदा दोन पानांचा होता, त्यात निवाडे होते, दिलगिरी होती. मी म्हणालो, “हे अधिकाऱ्याने वाचायचं आहे, तुझ्या श्रोत्यांनी नाही.” मी सहा वाक्ये सांगितली, त्याने ती टाइप केली. जागा बदलली, कळवायचे राहिले, हे नवे पुरावे, ही पत्ताबदलाच्या अर्जाची पोच, येऊन पाहणी करावी, नोंदणी कायम ठेवावी. उत्तर माझे होते. एवढे तरी त्याने लिहायला हवे होते.

पण त्या दुपारची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. पुरावे लावताना मंदारने माझी छापील प्रत हातात घेतली. छापताना पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तारीख येते. ती त्याने पाहिली. सोमवारची, नऊ दिवसांपूर्वीची. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता बोलेल. अश्विनी समोरच होती. त्याने पान टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, “सर, तुमचं चौथं वाक्य परत सांगता का?”

माझा सगळा राग खरे तर या एका गोष्टीवर आहे. तो ओरडला असता तर मी त्याच्या तीन चुका त्याच्या तोंडावर मोजल्या असत्या. त्याने मला सांभाळून घेतले. वर्षभराने लेख लिहितानाही त्याने माझ्या वयाची ढाल केली आणि स्वतःच्या चुका मात्र गाळल्या. मला त्याची दया नको आहे. माझी बुद्धी, माझी दृष्टी आणि माझी वक्तशीर सवय यांवर कुणी पांघरूण घालू नये. नोटीस राहून गेली नाही. मी ती ठेवली.

पुढच्या आठवड्यात खराडीला पाहणी झाली, स्थगिती उठली. या लेखाच्या पहिल्या मसुद्यात त्यापुढे मी असे वाक्य लिहिले होते: ‘अशा रीतीने मुदतीच्या आत सर्व सुरळीत झाले आणि कोणाचे काही नुकसान झाले नाही.’

मसुदा संपादकांकडे देण्याआधी मी तो अश्विनीला दाखवायला नेला. तिच्याशी बोललेले खोटे तिने छापील अंकात वाचावे, हे मला बरे वाटेना. तिने मला बसायला सांगितले आणि सगळा वाचला. वाचताना एकदाही वर पाहिले नाही. मग त्या वाक्यावर बोट ठेवले.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“स्थगिती उठली की.”

“उठली. पण बिस्किटवाल्यांनी तिसऱ्याच दिवशी नाव बघितलं होतं. त्यांच्या यादीतून मी गेले, काका. परत घेतलं नाही. ज्या दोन मुली मी त्या कामासाठी घेतल्या होत्या, त्यांना महिनाअखेर नाही म्हणावं लागलं. त्यातली एक लोणी काळभोरहून दोन बस बदलून यायची. तिला मी शनिवारी सांगितलं. ती म्हणाली, ‘म्याडम, माझं काय चुकलं का?’”

तिच्या बोटाखालचे वाक्य मी पुन्हा वाचले.

“तिला कारण काय सांगणार होते मी? दोन पुरुषांना एकमेकांचं कौतुक सहन होत नाही, म्हणून तुझं काम गेलं?” तिने पाने सारखी केली. “राग मंदारचा होता ना?”

“हो.”

“मग मला का?”

कुठल्याही अधिकाऱ्यासमोर मला कधी उत्तरासाठी थांबावे लागले नव्हते. तिच्यासमोर थांबलो. ते उत्तर अजून आलेले नाही.

तिने टेबलावरचे पेन माझ्याकडे सरकवले. मी ते वाक्य खोडले. त्या जागी काय लिहू, असे विचारले. ती म्हणाली, “मी सांगितलं तेवढंच लिहा, वर काही जोडू नका.” ते मी वर लिहिले आहे. मग तिने पाने परत दिली आणि म्हणाली, “आता छापा.”